‘प्रोटेस्ट’ करणे म्हणजे नेमके काय करणे?

गेल्या पावसाळ्यात उपदेशकांच्या वर्गात एका तरुण बंधूने आम्हांस एक प्रश्न विचारला. तालुक्याच्या गावी एसटीची वाट पाहत असता त्याने मोर्चा पाहिला होता, आणि मोर्चातील एका फलकावर ‘प्रोटेस्ट’ हा इंग्रजी शब्द देवनागरीत लिहिलेला त्याने वाचला होता. तो म्हणाला, “पाळकसाहेब, आपल्याला प्रॉटेस्टंट म्हणतात ते ह्याच शब्दावरून ना? मग आपण नेमका कोणाचा निषेध करीत आलो?” आम्ही फारसा विचार न करिता उत्तर दिले की, चारशे-पाचशे वर्षांपूर्वी युरोपात काही लोकांनी रोमी मंडळीच्या सत्तेचा निषेध केला, त्यावरून हे नाव पडले. उत्तर दिले आणि पुढल्या पाठाकडे वळू लागलो, तोच मागे भिंतीला टेकून बसलेल्या एका आजीबाई म्हणाल्या, “अहो, पण आमच्या गावात रोमी मंडळी कधी नव्हतीच. मग आम्ही कोण?”

वर्गात हशा पिकला. आम्हीही हसलो. परंतु घरी आल्यावर तो प्रश्न आमचा पिच्छा सोडीना. ज्याचे नाव केवळ ‘विरोध करणारा’ असे आहे, त्याच्या समोरचा मनुष्य निघून गेला तर त्याचे काय उरते? आपले उत्तर सर्वस्वी खोटे नसले तरी अर्धवट होते, आणि अर्धवट उत्तर गुरुजनांच्या तोंडून गेले म्हणजे ते पुष्कळ वर्षे गावोगावी फिरत राहते. म्हणून आम्ही कोश उघडून बसलो. त्यातून जे हाती आले ते वाचकांपुढे ठेवितो.

प्रथम आपल्याच घरातील शब्द पाहू. मराठीत ह्या कामी आपण चार-पाच शब्द वापरतो. ‘विरोध’ ह्या शब्दात ‘रुध्’ म्हणजे अडविणे हा धातू आहे. विरोध करणारा वाट अडवून उभा राहतो. ‘निषेध’ ह्यात ‘सिध्’ हा धातू ‘नि’ ह्या उपसर्गासह आला आहे, आणि त्याचा मूळ अर्थ मागे हटविणे, मनाई करणे असा आहे. म्हणूनच जुन्या ग्रंथांत ‘विधि-निषेध’ असा जोड शब्द येतो, म्हणजे काय करावे व काय करू नये. ‘हरकत’ अरबीतून आला. तिकडे त्याचा अर्थ हालचाल असा आहे आणि आपल्याकडे येता येता तो हालचालीस आडकाठी असा झाला. ‘तक्रार’ हाही अरबी शब्द, आणि त्याचा मूळ अर्थ ऐकून वाचकांस हसू येईल: पुन्हा पुन्हा तेच म्हणणे. ज्यांनी कचेरीत खेटे घातले आहेत त्यांस हा अर्थ समजावून सांगण्याची गरज नाही.

ह्या सर्व शब्दांत दोनच पक्ष दिसतात: एक पुढे जाऊ पाहणारा आणि दुसरा त्यास अडविणारा. इंग्रजी ‘प्रोटेस्ट’ ह्या क्रियापदाचे मूळ मात्र अगदी निराळ्या ठिकाणी आहे.

हे क्रियापद पंधराव्या शतकात फ्रेंच भाषेतून इंग्रजीत आले, आणि फ्रेंचांनी ते लॅटिन भाषेतून घेतले होते. लॅटिनमध्ये त्याचे रूप ‘प्रोतेस्तारी’. ‘प्रो’ म्हणजे पुढे, उघडपणे. ‘तेस्तारी’ म्हणजे साक्ष देणे. तेव्हा ‘प्रोटेस्ट’ करणे म्हणजे मुळात लोकांपुढे उभे राहून साक्ष देणे. ह्यात अडविणे नाही, मनाई नाही, आरोळी तर नाहीच. ‘तेस्तारी’ ज्यावरून झाला तो ‘तेस्तिस’ हा शब्द साक्षीदारास लावीत, आणि भाषापंडितांच्या मते त्याच्या पोटात ‘तीन’ ही संख्या लपलेली आहे: ‘तेस्तिस’ म्हणजे तिसरा उभा असलेला. दोघांचा वाद चालला असता बाजूस उभा राहून पाहणारा जो तिसरा, तो साक्षी. आमच्या खेड्यांत दोन भावांचे बांधावरून भांडण जुंपते तेव्हा शेजारच्या रानातून येऊन उभा राहणारा गडी आपण सर्वांनी पाहिला आहे. पुढे प्रकरण चावडीवर गेले की दोघेही त्याच्याकडेच बोट दाखवितात. रोमी लोकांचा ‘तेस्तिस’ तो हाच.

आपला ‘साक्षी’ हा शब्दही असाच अर्थपूर्ण आहे. ‘अक्ष’ म्हणजे डोळा. ‘साक्षात्’ म्हणजे डोळ्यांदेखत. आणि ज्याने डोळ्यांदेखत पाहिले तो साक्षी. रोमी शब्द साक्षीदार कोठे उभा होता ते सांगतो, आणि आपला शब्द त्याने काय केले ते सांगतो.

त्याच लॅटिन शब्दाची आणखी पुष्कळ लेकरे इंग्रजीत नांदत आहेत. मृत्युपत्रास ‘टेस्टामेंट’ म्हणतात, कारण ते साक्षीदारांसमोर करावयाचे असते. आणि जुना व नवा करार ह्यांस इंग्रजीत जे नाव आहे तेही हेच. कागद खरा आहे अशी सही-शिक्क्याने ग्वाही देणे ते ‘अटेस्ट’ करणे. शाळेचा दाखला घेऊन ज्यांनी साहेबांच्या दाराशी वाट पाहिली आहे त्यांस हा शब्द परिचित आहे. ‘कॉन्टेस्ट’ म्हणजे मुळात दोन्ही पक्षांनी साक्षीदार बोलावून दावा उभा करणे. ह्या सर्व भावंडांत ‘प्रोटेस्ट’ बसविला म्हणजे त्याचा चेहरा ओळखू येऊ लागतो.

आता कोणी म्हणेल की, मूळ काहीही असो, आज शब्दाचा अर्थ निषेध असाच आहे. होय, आज मुख्यतः तसाच आहे. परंतु जुना अर्थ मेलेला नाही. इंग्रजीत एखाद्या आरोपीविषयी ‘ही प्रोटेस्टेड हिज इनोसन्स’ असे लिहितात. शाळेत असता आमच्या एका वर्गबंधूने ह्याचे भाषांतर ‘त्याने आपल्या निर्दोषपणास विरोध केला’ असे केले आणि मास्तरांचा मार खाल्ला. बिचाऱ्याने कोशातील पहिला अर्थ उचलला होता! खरा अर्थ असा की, मी निर्दोष आहे असे तो ठासून, शपथपूर्वक सांगत राहिला. ‘हॅम्लेट’ ह्या शेक्सपिअरच्या नाटकातही असाच घोटाळा होतो. नाटकातल्या नाटकात एक राणी पुनर्विवाह न करण्याच्या आणाभाका घेते, आणि ते पाहणारी खरी राणी म्हणते की ही बाई फारच ‘प्रोटेस्ट’ करते. आज लोक हे वाक्य ‘फारच नाकारते’ अशा अर्थाने वापरतात. पण त्या काळच्या इंग्रजीत त्याचा अर्थ ‘फारच शपथा घेते’ असा होता.

सन १६११ च्या इंग्रजी शास्त्रात हे क्रियापद थोड्याच ठिकाणी आले आहे, आणि उपदेशक बंधूंनी ती स्थळे शास्त्र उघडून स्वतः पाहावीत अशी आमची विनंती आहे. उत्पत्ति ४३:३ येथे यहूदा आपल्या बापास सांगतो की, मिसरातील त्या अधिकाऱ्याने धाकट्या भावास आणल्यावाचून तोंड दाखवू नका असे आम्हांस बजाविले आहे. १ राजे २:४२ येथे यरुशलेम सोडून गेलास तर मरशील अशी ताकीद दिली होती, तिची शलमोन शिमीस आठवण देतो. यिर्मया ११:७ येथे परमेश्वर म्हणतो की, मिसरातून बाहेर काढल्या दिवसापासून मी तुमच्या पूर्वजांस बजावीत आलो. जखऱ्या ३:६ येथे परमेश्वराचा दूत यहोशवा याजकाशी असाच बोलतो. ह्या चारही ठिकाणी ते इंग्रजी क्रियापद आहे. आमचे हिब्रू फार पक्के नाही हे आमचे सेमिनरीतील गुरुजी हयात असते तर त्यांनीच सांगितले असते. तरी कोश पाहता स्पष्ट दिसते की, चारही ठिकाणी मूळ हिब्रू क्रियापद एकच आहे, आणि त्याचा संबंध ‘एद’ म्हणजे साक्षी ह्या नामाशी आहे. साक्षीपूर्वक सांगणे, गंभीरपणे बजाविणे, असा त्याचा भाव. इंग्रज भाषांतरकारांनी त्यासाठी ‘प्रोटेस्ट’ निवडला, कारण त्यांच्या कानाला त्या शब्दात अजून साक्षीचा ध्वनी ऐकू येत होता.

पाचवे स्थळ आम्ही मुद्दाम मागे ठेविले, कारण आमच्या मते ते सर्वांत बोधक आहे. ते १ शमुवेल ८:९ हे होय. प्रसंग सर्वांस ठाऊक आहे. शमुवेल वृद्ध झाला, त्याचे मुलगे लाच खाऊ लागले, आणि इस्राएलाचे वडीलजन एकत्र जमून म्हणाले की इतर राष्ट्रांप्रमाणे आम्हांसही राजा नेमून दे. शमुवेलास ते आवडले नाही. परमेश्वराने त्यास काय सांगितले? लोकांची वाट अडव असे सांगितले नाही. त्यांचे म्हणणे ऐक, परंतु राजा कसा वागेल ते त्यांस साक्षीपूर्वक सांग, असे सांगितले. आणि ह्या ‘साक्षीपूर्वक सांग’ ह्या आज्ञेस इंग्रजीत तेच क्रियापद आहे.

मग शमुवेल उठून काय बोलतो ते वाचा. तो राजेशाहीवर व्याख्यान देत नाही, कोणास शिव्याशाप देत नाही. तुमच्या मुलांस तो आपल्या रथांपुढे धावावयास लावील. तुमच्या मुलींस स्वयंपाकघरात नेईल. उत्तम शेते, द्राक्षमळे व जैतूनवने काढून घेऊन आपल्या चाकरांस देईल. धान्याचा दहावा भाग घेईल. गाढवे व दास आपल्या कामास लावील, असे तो एकेक करून सांगतो. ज्याने सरंजामी अंमलाच्या गोष्टी आपल्या पणजोबाच्या तोंडून ऐकल्या असतील त्यास ही यादी परकी वाटणार नाही. लोकांनी ऐकले नाही. बहुमत पलीकडे गेले. शमुवेलानेच पुढे शौलाच्या मस्तकावर तेल ओतले. तेव्हा त्याची साक्ष फुकट गेली काय? आम्हांस तसे वाटत नाही, कारण ती आज आपल्यापुढे लिहिलेली आहे, आणि त्या लोकांस ‘आम्हांस कोणी सांगितले नव्हते’ असे म्हणावयास जागा राहिली नाही. प्रोटेस्ट करणाऱ्याचे काम जिंकणे हेच असते, हा समज ह्या एका अध्यायाने दूर होतो.

ग्रीक भाषेनेही हाच मार्ग धरिला. ‘मार्तुस’ म्हणजे साक्षी, त्यावरूनच हुतात्म्यास इंग्रजीत ‘मार्टर’ म्हणतात. आणि आजच्या ग्रीसमध्ये निषेधास जो नेहमीचा शब्द आहे, ‘दियामार्तिरिया’, तोही त्याच साक्षीच्या मुळापासून निघालेला आहे.

आता ज्या घटनेवरून आपले नाव पडले तिच्याकडे येऊ. ती जर्मनीतील स्पायर ह्या ऱ्हाइन नदीकाठच्या नगरात सन १५२९ च्या एप्रिल महिन्यात घडली. पुष्कळांची समजूत अशी की, लूथर ह्यांनी तेथे काही गर्जना केली. लूथर त्या सभेस नव्हतेच. ती धर्मपंडितांची सभा नसून साम्राज्याची राजसभा होती, आणि तेथे बोलणारे लोक राजे, सरदार व नगरांचे प्रतिनिधी होते.

थोडी मागील हकीकत सांगितली पाहिजे. सन १५२१ मध्ये वर्म्स येथील आज्ञापत्राने लूथर ह्यांस कायद्याच्या संरक्षणाबाहेर टाकिले होते. पुढे सन १५२६ मध्ये स्पायर येथेच भरलेल्या आधीच्या सभेने असा ठराव केला की, सर्वसाधारण धर्मपरिषद भरेपर्यंत प्रत्येक राज्यकर्त्याने देवापुढे व सम्राटापुढे जाब देता येईल असे वागावे. ह्या ठरावाच्या आधाराने कित्येक राज्यांत मंडळीची सुधारणा झाली. तीन वर्षांनी दुसरी सभा भरली. सम्राट पाचवा चार्ल्स दूर होता. त्याचा भाऊ फर्डिनांड अध्यक्षस्थानी होता. सभेतील बहुमताने १५२६ चा ठराव रद्द केला, वर्म्सचे आज्ञापत्र जेथे चालत आले होते तेथे तसेच चालावे, आणि इतर ठिकाणी यापुढे काही नवीन करू नये असे ठरविले.

येथे कायद्याची एक खोच होती, आणि शब्दाचा सर्व अर्थ तिच्यातच आहे. त्या काळच्या कायद्यात ‘प्रोतेस्तात्यो’ नावाची एक रीत होती. सभेत ठराव होत असता जो गप्प बसला त्याची संमती धरली जाई. ज्यास संमती द्यावयाची नसेल त्याने उघडपणे, ठरलेल्या रीतीने सांगावे लागे की, ह्यास माझी संमती नाही, आणि माझा हक्क मी राखून ठेवीत आहे. एवढे सांगितले म्हणजे पुढे त्याचे मौन त्याच्याच गळ्यात बांधता येत नसे.

१९ एप्रिल १५२९ रोजी अल्पमतवाल्यांनी ही रीत वापरिली. सॅक्सनीचा इलेक्टर योहान, हेसचा फिलिप, ब्रांडेनबर्ग-आन्सबाखचा जॉर्ज, लुनेबर्गचा एर्न्स्ट, आनहाल्टचा वोल्फगांग हे राजपुरुष त्यांत होते; आणि स्ट्रासबर्ग, न्यूरेंबर्ग, उल्म, कॉन्स्टन्स आदिकरून १४ नगरे त्यांस मिळाली. फर्डिनांडने ते ऐकून घेण्याचीही तसदी घेतली नाही. तो सभागृहातून निघून गेला, आणि निवेदन त्याच्या पाठीमागे वाचले गेले. दुसऱ्या दिवशी सविस्तर लेख पाठविला तो त्याने परत केला. मग २५ एप्रिल रोजी लेखनिकांकडून रीतसर अपीलपत्र तयार करविण्यात आले आणि ते दूतांच्या हाती त्या वर्षी इटलीत आलेल्या सम्राटाकडे रवाना झाले. सम्राटाने त्या दूतांस अटकेत ठेविले. सांगणारे सांगत गेले आणि ऐकणारे एकामागून एक पाठ फिरवीत गेले, असा हा सर्व प्रकार आहे.

त्यांच्या म्हणण्याचा गाभा आमच्या शब्दांत असा: इतर गोष्टींत आम्ही सम्राटाच्या आज्ञेत आहो, परंतु देवाचा मान व जिवाचे तारण ह्या गोष्टींत प्रत्येकास स्वतः देवापुढे उभे राहून जाब द्यावा लागतो, म्हणून तेथे दुसऱ्याच्या बहुमताआड आम्हांस लपता येत नाही. ‘आम्ही रोमच्या विरुद्ध आहो’ हे त्यांच्या म्हणण्याचे पहिले वाक्य नाही. आमची सही तुम्ही आमच्यावाचून करू नका, हे पहिले आहे. विरोध त्यातून निघतो हे खरे. पण तो दुसरा येतो.

ह्या प्रसंगावरून त्या राजांस व नगरांस ‘प्रोटेस्टिरेंडे’ म्हणजे निवेदन करणारे असे नाव पडले. लूथर ह्यांचे अनुयायी स्वतःस मात्र ‘इव्हँजेलिकल’ म्हणजे सुवार्तिक असे म्हणवीत. प्रॉटेस्टंट हे बराच काळ राजकारणातील नाव होते, आणि इंग्लंडात तर ते प्रथम जर्मनीतील ह्या पक्षासच लावीत. स्पायर नगरात सन १९०४ मध्ये ह्या घटनेच्या स्मरणार्थ एक मोठे मंदिर बांधून अर्पण करण्यात आले.

परंतु ही हकीकत येथेच संपविली तर आम्ही पुन्हा अर्धवट उत्तर दिल्यासारखे होईल. त्याच सभेने, त्याच महिन्यात, प्रौढपणी पुन्हा बाप्तिस्मा घेणाऱ्या व देणाऱ्या लोकांस देहान्त शिक्षा द्यावी असा कायदा केला. आणि ज्यांनी आपल्या विवेकासाठी उभे राहून साक्ष दिली होती त्यांनी ह्या कायद्यास प्रोटेस्ट केला नाही. आपल्या जिवाच्या तारणाविषयी दुसऱ्याने ठरवू नये असे म्हणणाऱ्यांस, शेजाऱ्याच्या तारणाविषयी आपण ठरवू नये हे सुचले नाही. त्याआधी दोनच वर्षे, जानेवारी १५२७ मध्ये, सुधारलेल्या झुरिक नगराने फेलिक्स मान्झ ह्या पुनर्बाप्तिस्मावादी तरुणास नदीत बुडवून मारिले होते. तसेच स्पायरच्या निवेदनात एक तक्रार अशीही होती की, आमच्या राज्यात जुन्या पद्धतीचा मिसा चालू देण्याची सक्ती आम्हांस नको. हेसच्या फिलिपविषयी एवढे म्हटले पाहिजे की, नवा कायदा असूनही त्याने आपल्या राज्यात धर्ममतासाठी एकाही पुनर्बाप्तिस्मावाद्यास देहान्त शिक्षा दिली नाही. बाकीच्यांविषयी तसे म्हणता येत नाही. पूर्वजांची नावे मुलांस शिकवावयाची तर हा परिच्छेद गाळून शिकवू नये, असे आमचे मत आहे.

पुढे शब्दाचा प्रवास कसा झाला ते थोडक्यात. सन १६४१ मध्ये इंग्लंडच्या पार्लमेंटाने ‘प्रोटेस्टेशन’ नावाची एक शपथ काढिली, आणि पुढल्या वर्षी ती गावोगाव पाठवून १८ वर्षांवरील पुरुषांच्या सह्या व निशाण्या घेण्यात आल्या. त्या याद्यांपैकी पुष्कळ आजही जपून ठेविलेल्या आहेत. तेथे ‘प्रोटेस्ट’ म्हणजे निषेध नव्हे. वचन देणे व व्रत घेणे ह्यांच्या पंक्तीस तो शब्द बसला आहे. त्याच काळात ‘अगेन्स्ट’ म्हणजे ‘विरुद्ध’ हे अव्यय त्याच्यामागे अधिकाधिक लागू लागले: अमक्याविरुद्ध साक्ष देणे. हळूहळू लोकांस ‘विरुद्ध’ एवढेच ऐकू येऊ लागले आणि ‘साक्ष’ मागे पडली. विसाव्या शतकात अमेरिकेत ते अव्ययही गळाले. युद्धास, निकालास थेट ‘प्रोटेस्ट’ करू लागले. पाहुणा घरात शिरला आणि घरधनी ओसरीवर आला, तशातला हा प्रकार.

व्यापाराच्या वहीत मात्र जुना अर्थ अजून टिकून आहे. आपल्याकडे सन १८८१ चा जो हुंड्या, वचनचिठ्ठ्या व चेक ह्यांविषयीचा कायदा चालतो, त्यात ‘प्रोटेस्ट’ हा शब्द आहे. हुंडी किंवा चिठ्ठी स्वीकारली गेली नाही अथवा वटली नाही, तर ती धरणाऱ्याने नोटरीकडे जावे. नोटरीने ती पुन्हा मागावी, नकाराची नोंद करावी आणि तसा दाखला द्यावा. त्या दाखल्यास कायदा ‘प्रोटेस्ट’ म्हणतो. तेथे घोषणा नाहीत, फलक नाहीत. एक तिसरा मनुष्य उभा राहून लिहून देतो की, अमक्या दिवशी मागितले आणि मिळाले नाही. रोमी लोकांचा ‘तेस्तिस’ दोन हजार वर्षांनी टेबलामागे खुर्चीत बसला आहे, इतकेच. कर किंवा दंड भरताना ‘अंडर प्रोटेस्ट’ असे लिहून भरण्याची जी रीत आहे तीही ह्याच जातीची: पैसे देतो, संमती देत नाही.

तर आजीबाईंच्या प्रश्नाचे उत्तर आता देता येईल असे वाटते, आणि पुढल्या वर्गात आम्ही ते देणार आहो. समोर कोणी नसले तरी साक्षीदार साक्षीदारच राहतो. मात्र त्यावर एक शर्त येऊन बसते: त्याने स्वतः पाहिलेले असले पाहिजे. मोर्चात चालणाऱ्यास शेजाऱ्याची घोषणा उचलता येते. साक्षीच्या पिंजऱ्यात शेजाऱ्याने पाहिलेले सांगितले तर वकील एका प्रश्नात खाली बसवितो. आमच्या मंडळ्यांत इतर धर्मांच्या व पंथांच्या विरुद्ध बोलणारे पुष्कळ आढळतात. आपण काय पाहिले ते सांगा असे म्हटले की त्यांतील बहुतेक गप्प होतात. ही गोष्ट आम्ही इतरांस लावितो त्याआधी स्वतःस लावली पाहिजे, म्हणून एक हकीकत लिहितो. ती लिहिण्यास आम्हांस आनंद होत नाही.

पुष्कळ वर्षांमागे, आम्ही पाळकपणाच्या कामात नवे असता, एका लहान मंडळीच्या पंचांची सभा आमच्या अध्यक्षतेखाली भरली होती. कबरस्तानाच्या कडेची एक पट्टी शेजारच्या शेतकऱ्यास ट्रॅक्टर नेण्यासाठी वापरू द्यावी असा ठराव होता. शेतकरी सज्जन होता, मंडळीच्या कामी पडत असे. सहा पंच राजी झाले. सातवे पंच, वयाने सर्वांत वडील, म्हणाले, “मला हे मान्य नाही. वाट दिली की वहिवाट होते. माझे नाव घालून तसे लिहा.” आम्ही त्यांस म्हणालो, “आजोबा, मंडळीत दुफळी दिसू नये. आपले म्हणणे सर्वांनी ऐकले आहे.” आणि वहीत लिहिले: ठराव एकमताने मंजूर. सेमिनरीतून आम्ही स्पायरच्या सभेवर निबंध लिहून पास झालो होतो, हे सांगितले पाहिजे. आजोबांनी चष्मा काढून घडी केला आणि खिशात ठेविला. ते वाद घालणारे गृहस्थ नव्हते.

ते प्रभूमध्ये निजले त्यास आता बराच काळ लोटला. शेत दुसऱ्याच्या हाती गेले, आणि नव्या मालकाने त्या वाटेवर हक्क सांगितला. तेव्हा आजोबांचा नातू आमच्याकडे आला. तो म्हणाला, “आजोबा नाही म्हणाले होते असे आमच्या घरी सांगतात. पण लोक म्हणतात, वहीत त्यांची संमती आहे. मला पान पाहावयाचे आहे.” आम्ही कपाटातून जुनी वही काढिली. ‘एकमताने’ हा शब्द आमच्याच अक्षरात, ठळक होता. खाली पंचांची सात नावे आम्ही ओळीने लिहिली होती आणि प्रत्येक नावापुढे सहीसाठी जागा सोडिली होती. सह्या सहाच होत्या. इतकी वर्षे ती वही आमच्या ताब्यात असून हे आमच्या लक्षात आले नव्हते.

नातवाने आजोबांच्या नावापुढील कोऱ्या जागेवर बोट ठेविले, थोडा वेळ तसेच राहू दिले, आणि ह्या पानाचा फोटो काढू का असे विचारिले. आम्ही वही त्याच्याकडे सरकविली.